शिशीची साक्ष

मनुष्य कोणाकोणाशी खोटे बोलतो याची यादी करावयास बसल्यास सावकार, वकील, वरिष्ठ अधिकारी आणि स्वतःची पत्नी ही नावे बहुधा प्रथम सुचतील. डॉक्टरांचे नाव सुचावयास थोडा वेळ लागेल. परंतु हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रीक ग्रंथसंग्रहात वैद्याला स्पष्ट इशारा दिलेला आहे की, औषध घेतल्याबद्दल रोगी जे सांगतात त्यावर विसंबू नये. ते पुष्कळदा खोटे असते. या गोष्टीला दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली. औषधे बदलली, वैद्य बदलले. रोगी मात्र होता तसाच राहिला. हे मी केवळ पुस्तकी ज्ञानाच्या बळावर लिहीत नाही. गेली सहा वर्षे दर तीन महिन्यांनी हे असत्य मी स्वमुखाने उच्चारीत आलो आहे.

मला काचबिंदू आहे. हा रोग मोठा सभ्य आहे. तो येताना दार वाजवीत नाही आणि घरात वावरताना पावलांचा आवाज होऊ देत नाही. सुश्रुताने अधिमंथ नावाचा जो नेत्ररोग वर्णिला आहे, त्यात डोळा रवीने घुसळल्यासारखा दुखतो. काचबिंदूचा एक प्रकार तसा उग्र असतो खरा. पण आमच्या वाट्याला आलेला, आणि पुष्कळांच्या वाट्याला येतो तो, प्रकार यत्किंचितही दुखत नाही. डोळ्यातील द्रवाचा दाब मज्जेला सोसवेनासा होतो आणि दहा-बारा लाख तंतूंची ती दोरी धाग्याधाग्याने तुटत जाते. प्रथम कडेचे दिसणे जाते, आणि मेंदू असा कनवाळू की गेलेली जागा तो अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे आपले काही गेले आहे हे आपल्याला कळतच नाही. गेलेले परत येत नाही. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत औषधाचा एकेक थेंब घातला तर दाब उतरतो, आणि राहिलेले राहण्याचा पुष्कळ संभव असतो. बस्स, एवढेच त्या थेंबाचे देणे. तो घातल्याने काही अधिक दिसत नाही, न घातल्याने त्या रात्री काही कमी दिसत नाही.

आपल्या भाषेनेही येथे थोडा घोटाळा करून ठेवला आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या बहिणींसारखी वाटतात. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे; ते काढून नवे बसविले की रोग्याला नातवाचे तोंड पुन्हा दिसू लागते. गावातून शिबिराची गाडी जाते आणि काळे चष्मे लावलेले म्हातारे हसतमुखाने परत येतात, हे दृश्य आमच्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच गाडीतून गेलेल्या एखाद्याला जेव्हा सांगण्यात येते की, तुमचा बिंदू काढण्याजोगा नाही, गेलेली नजर येणार नाही, मात्र हे औषध जन्मभर घालावयाचे, तेव्हा आपल्याला फसविले अशीच त्याची समजूत होते. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याने मोतीबिंदूच्या बाबतीत फार मोठे काम केले. पण शस्त्रक्रियेची मोजदाद होते. कोणी आपल्या ओसरीवर बसून रात्री घातलेल्या थेंबाची मोजदाद कोण करणार?

माझे वडीलबंधू झरी जामणीस असतात. पैनगंगेच्या अलीकडचा हा यवतमाळ जिल्ह्याचा टोकाचा तालुका. नदी ओलांडली की तेलंगण लागते. काळी जमीन, कापूस, तूर, मधूनमधून कोलामांचे पोड, आणि बाजारात मराठीइतकीच गोंडी व तेलुगू कानांवर पडावयाची. वडिलार्जित शेती दादांनी सांभाळली आणि मी शिकून इंग्रजी शिकविण्याच्या धंद्यास लागलो. रोग आधी दादांचा उघडकीस आला. बैलगाडी हाकताना उजवीकडचे कुंपण त्यांना दिसेना, तेव्हा. नागपुरास तपासले तो उजव्या डोळ्याचे बरेचसे क्षेत्र गेलेले निघाले. तेथील डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांना तपासून घ्या असे बजावले. हॉलंडातील रॉटरडॅम येथे झालेल्या एका पाहणीत रोग्याच्या जवळच्या नातलगांना हा रोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे ९ पट आढळला होता, हे मी पुढे वाचले. येणेप्रमाणे माझा रोग सापडला तो दादांच्या कृपेने, आणि वेळेवर. त्यांनी एका डोळ्याचे मोल देऊन माझे दोन वाचविले म्हटले तरी चालेल.

गेल्या वैशाखात मी झरीला गेलो होतो. त्या दिवसांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. जेवणे झाल्यावर वहिनींनी विषय काढला.

"भाऊजी, तुमीच सांगा ह्यायले. माहं तं आयकतच नाई."

दादांची शिशी माठाखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. बारकाईने पाहिले तो ती चार महिन्यांपूर्वीच संपलेली. मी प्राध्यापक, ऐकणारा मिळाल्यावर मला थांबणे कठीण. मज्जातंतूंपासून आरंभ करून मी पाऊण तास बोललो. दादांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मले तं दिसते अजून," ते म्हणाले. "अन् पेरणीच्या टायमाले पैसा मातीत जाते. कापूस इकला का मंग आणतो."

म्हणजे औषधाचेही पीकपाण्यासारखे हंगाम ठरलेले होते. मृगात बंद, दिवाळीनंतर चालू. मी आणखी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी हात पुढे केला.

"तुही शिशी दाखव."

मी पिशवीतून खोका काढून दिला. शिशी उघडल्याची तारीख खोक्यावर लिहावी आणि चार ते सहा आठवड्यांनी ती टाकून द्यावी, असा नियम आहे. पेपर तपासणाऱ्या माणसाच्या सवयीने मी ती ठळक लिहिली होती. १४ जानेवारी. दादांनी शिशी दिव्यासमोर धरली. आत अजून औषध होते.

"रोज किती टाकतं?"

"दोन."

"अन् एका शिशीत किती निघतात?"

अडीच मिलिलिटरची शिशी, साधारण ८० थेंब. हे मला पाठ होते. चाळीस दिवसांची बेगमी संक्रांतीपासून वैशाखापर्यंत पुरली होती. आयुष्यभर कापसाच्या काट्यावर व्यापाऱ्याची लबाडी पकडणाऱ्या माणसाला हा हिशेब करावयास कागद लागला नाही.

"मंग तूबी माह्यासारखाच," ते म्हणाले. त्यात उपहास नव्हता. उलट मला काहीसे जवळ घेतल्याचाच तो स्वर होता, आणि तोच मला अधिक लागला. कारण दादांजवळ पेरणीचे कारण होते. माझ्याजवळ शीतकपाट होते, पगार होता, घराच्या कोपऱ्यावर औषधांचे दुकान होते.

काचबिंदूवरील पहिल्या औषधाची कथा मोठी चमत्कारिक आहे. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाच्या प्रदेशात एक विषारी बी होते. गुन्ह्याचा आरोप असलेल्याला ते खाऊ घालीत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर अपराधी. आपल्याकडे ज्याला दिव्य म्हणत त्यातलाच हा प्रकार. त्याच बियांतील द्रव्य १८७६ साली लुडविग लाकर या नेत्रवैद्याने काचबिंदूवर वापरले. आणि हा लाकर स्वतः काचबिंदूचा रोगी होता. त्याने आपले थेंब नेमाने घातले की नाही, कोण जाणे! पण खऱ्याखोट्याचा निवाडा करणाऱ्या बियांतून या रोगाचे औषध निघावे, हा योगायोग मला त्या रात्री झोपू देईना.

परत आल्यावर मी या विषयावरचे जमेल तेवढे वाचले. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १८४ रोग्यांच्या शिशांना थेंबांची नोंद करणारे छोटे यंत्र जोडलेले होते. रोग्यांनी सांगितले, आम्ही शंभरातले ९७ थेंब घातले. यंत्राने सांगितले ७६. पुढे २००९ साली दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत औषध फुकट होते आणि शिशी तुमच्यावर लक्ष ठेवून आहे हे १९६ जणांना आधीच सांगितले होते. तरीही सुमारे ४५ टक्के लोकांनी चारांतले तीन थेंबदेखील पुरे केले नाहीत. तेव्हा हा दोष केवळ झरी जामणीचा नव्हे, अडाणीपणाचा नव्हे आणि सर्वस्वी दारिद्र्याचाही नव्हे. तपासणीची तारीख जवळ आली की रोगी एकदम निष्ठावंत होतात, हेही अशा संशोधनांतून दिसून आले आहे. ते वाचताना माझे कान तापले. मी अगदी तेच करीत होतो. तपासणीच्या आधी आठ दिवस मी घड्याळ लावून थेंब घाली. दाब उत्तम भरे. "नियमित घेता ना?" "अर्थातच." पुढे क्षेत्राचा नकाशा पाहून डॉक्टर कोड्यात पडले: दाब ठीक, मग काठ का झिजतो? औषध अपुरे पडते असे मानून त्यांनी सकाळ-संध्याकाळचे दुसरे औषध वाढविले. मी मान डोलावली आणि त्याचेही पैसे मोजले.

असे का व्हावे? मी काही बेशिस्त मनुष्य नाही. संकष्टीचा उपास माझ्याकडून तीस वर्षांत चुकलेला नाही. परंतु संकष्टीला चंद्र उगवावा लागतो, घरात मोदकांचा वास सुटतो, पत्नी वाट पाहत असते. त्या नेमाला तिथी आहे, साक्षीदार आहेत, शेवटी उद्यापन आहे. थेंबाच्या नेमाला यांतले काहीच नाही. फलश्रुती म्हणाल तर एवढीच की, दहा वर्षांनी काही घडणार नाही. काही न घडण्यासाठी रोज रात्री मान मागे टाकणे हे मनुष्यस्वभावाला फार जड जाते.

मात्र हे सर्व विवेचन माझ्यापुरते. दादांच्या बाबतीत ते लावले तर तो अन्याय होईल. त्यांचे औषध वणीहून आणावे लागते. ते फोडण्यापूर्वी २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते, वैशाखात एस. टी. च्या गाडीत मांडीवर धरून आणलेली शिशी किती तापत असेल, आणि वीज गेल्यावर त्या ओल्या फडक्याचा थंडावा किती पुरत असेल? शिवाय कापूस वेचून वेचून बोटे निबर झालेली. शिशी दाबली की दोन थेंब गालावर, एक डोळ्यात. डोळ्यात एकाहून अधिक मावतच नाही, तरी खात्री व्हावी म्हणून ते आणखी एक घालीत. माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानात यातील एकही गोष्ट आली नव्हती.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना खरे सांगितले. त्यांना विशेष आश्चर्य वाटलेले दिसले नाही. त्यांनी दुसरे औषध बंद केले आणि महिन्याने पुन्हा बोलाविले. महिनाभर एकही रात्र न चुकविता दाब १५ भरला. दादांना आता वर्षभराच्या शिशा मी पुरवितो. थेंब वहिनी घालतात, आणि कोपरा बोटाने दाबून धरण्याचे काम दादा करतात. रात्री नऊ वाजता टेलिफोन वाजतो. "टाकलं का?" एवढेच ते विचारतात, मीही तेच विचारतो, आणि दोघेही होय म्हणतो.

गेल्या महिन्यात माझी शिशी ठरल्या दिवसाच्या पाच दिवस मागाहून संपली. दादांनी विचारले, तेव्हा मी वेळेवर संपली असे सांगितले.