व्रणांचा अर्थ

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात प्रेस मशीनखाली बोट गेलेल्या कामगाराचा व्रण म्हणजे कष्टाची खूण, असं आपण मानतो. कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांना मात्र तो मान मिळत नाही, प्रेमही नाही. म्हणजे प्रेमाच्या आड व्रण येतच नाही, येतो तो आपण त्याला चिकटवलेला अर्थ. भीती संसर्गाची असते, असं कुणी म्हणेल. पण बहुविध औषधोपचार १९८०च्या दशकात आले, रोग पूर्ण बरा होऊ लागला; तरीही हिंदू विवाह कायद्यातलं कुष्ठरोगामुळे घटस्फोट देणारं कलम २०१९पर्यंत टिकलं. इतकी वर्षं टिकली ती भीती नव्हे, किळस.

कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या आनंदवनात बऱ्या झालेल्यांची लग्नं लागली, संसार उभे राहिले. दोघंही व्रणांचे, मग दुसरा पर्याय होता कुठे, हा आक्षेप मला पटत नाही. जातीत, पत्रिकेत, पगारात जुळवलेल्या आपल्या लग्नांत तरी निवड किती असते? आणि अगतिकतेतून एका छपराखाली राहता येईल, जीव लावता येत नाही. जीव लावणं म्हणजे, जोडीदाराच्या रोगाने बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही, म्हणून चहाचा ग्लास आधी आपल्या हातात धरून, निवला की मगच तो पुढे करायचा. रोज, दोन्ही वेळा.