वाऱ्याची वाट

अलीकडे कांहीं वर्षें आमच्या शाळेंतील मुलांच्या मनांत विमानानें घर केलें आहे, आणि त्याचें कारणहि तसेंच आहे. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत राहणारे वैमानिक श्री. अमोल यादव यांनीं आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान उभें केलें. पूर्वींचे प्रयत्न सफळ झाले नसतांहि त्यांनीं हातचें काम सोडलें नाहीं. २०१६ सालच्या फेब्रुवारींत तें विमान मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. २०१७ च्या नोव्हेंबरांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंद झाली. आणि २०१९ सालीं त्यास उड्डाणाचा परवाना मिळाला. ही हकीकत वर्गांत सांगितल्यापासून मुलें आम्हांस विचारूं लागलीं कीं, मुंबईच्या गच्चीवर जें घडलें तें बिलोलीच्या माळवदावर कां घडूं नये?

हा प्रश्न ऐकून कित्येक पालकांना हसूं येतें व कांहींना धास्तीहि वाटते. आम्ही मुलांना एवढेंच सांगतों कीं, विमान अवश्य करा. पण त्याआधीं एखादें तापणारें इंजिन थंड करून दाखवा. पंख, शेपटी, चाकें हीं डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचा विचार सर्वच करतात. उष्णता डोळ्यांना दिसत नाहीं, आणि घरीं विमान करणाऱ्यांची खरी परीक्षा बहुधा तीच पाहते.

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाची जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं स्थूलमानानें चौथा ते तिसरा हिस्सा काय तो कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर निघून जाते व कांहीं सिलिंडरच्या धातूंत शिरते. ती तेथून वेळेवर काढली नाहीं तर तेल पातळ होतें, धातू दुबळा होतो आणि शक्ति घटते. राईट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं जें विमान उडविलें त्याचें इंजिन पाण्यानें थंड होणारें होतें. सुरू होतांच पहिले कांहीं क्षण तें सुमारें १६ अश्वशक्ति देई. पण तापल्यावर आंत येणारी हवाच गरम व विरळ होऊन ती शक्ति १२ वर उतरे. म्हणजे उष्णतेचा हा कर मनुष्य पहिल्या दिवसापासून भरीत आला आहे. पुढें पुष्कळ लहान विमानांनीं पाण्याचें ओझें टाकून दिलें व वाऱ्याचाच आश्रय घेतला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ज्या ‘पस मॉथ’ विमानांतून टपाल घेऊन कराचीहून मुंबईस आले, त्याचें इंजिनहि वाऱ्यानेंच थंड होणारें होतें.

आतां वाऱ्यानें इंजिन कसें थंड होतें हें आम्हीं पुस्तकांपेक्षां मांजरा नदीच्या कांठच्या एका शेतांत अधिक चांगलें शिकलों. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे पाणी उपसण्याचें जुनें डिझेल इंजिन आहे. त्यांत पाण्याची टांकी नाहीं. चाकास जोडलेला पंखा वारा फेंकतो व सिलिंडरभोंवतींच्या धातूच्या पातळ पाकळ्या ती उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करतात. गेल्या चैत्रांत हें इंजिन अर्धा तास नीट चाले, मग धूर ओकूं लागे आणि पाण्याची धार करंगळीएवढी होई. शेतांत उन्हाळी भुईमूग उभा होता. वडील आम्हांस म्हणाले, “गुरुजी, इंजिन गेलं म्हणायचं. नवं घ्यायचं तर कर्ज काढावं लागतंय, अन् तोवर पीक काय थांबतंय व्हय?” मुलगा खालीं मान घालून उभा होता. विमानाचा प्रश्न वर्गांत पहिल्यानें त्यानेंच विचारला होता.

तेथें जमलेल्या प्रत्येकापाशीं एक एक औषध होतें. कोणी तेल बदला म्हणे, कोणी मोठा पंखा बसवा म्हणे, तर एकानें तापलेल्या सिलिंडरवर ओलें पोतें टाकण्यास सुचविलें. तें आम्हीं निक्षून थांबविलें, कारण तप्त धातूवर एकाएकीं गार पाणी पडलें तर तो तडकतो. आम्हीं मुलांस एक वही दिली व नियम घालून दिला कीं, एका दिवशीं एकच बदल करावयाचा आणि त्याचा परिणाम लिहून ठेवावयाचा. प्रथम दोन निराळ्या धातूंच्या तारांचें तापमापक उकळत्या पाण्यांत बुडवून तें खरें बोलतें कीं नाहीं हें पाहिलें. मग इंजिन चालू असतां पंख्याकडील बाजू व पाठीमागील बाजू आम्हीं स्वतः मोजल्या. पुढची बाजू बेताची, पण पाठीमागची भलतीच तापलेली आढळली.

पहिल्या दिवशीं इंजिन निवाल्यावर पाकळ्यांत साचलेलें तेल, धूळ व भुसा रॉकेलनें आणि लांकडी काडीनें काढला. थोडा फरक पडला, पण दुखणें गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेला बंद इंजिनाच्या पत्र्याच्या आवरणांत विजेरी धरली, आणि मुलांना बाहेरून पाहण्यास सांगितलें. जेथें काळोख असावयास हवा होता तेथून उजेडाचा झोत बाहेर पडत होता! सिलिंडरच्या पाठीस वळसा घालणारा आडोशाचा पत्रा तेथें नव्हताच. पूर्वींच्या एखाद्या दुरुस्तींत तो निघाला असावा व परत बसला नसावा. जेथून उजेड जात होता तेथूनच वारा जात होता. पंखा पुरेसा वारा देत होता. पण पाकळ्यांच्या अरुंद फटींतून जाण्याचे कष्ट टाळून तो मोकळ्या वाटेनें निघून जाई, आणि सिलिंडरची पाठ भाजत राही. गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, वळवून व पाठीमागें वाऱ्यास जाण्यापुरती फट ठेवून मुलांनीं तो तेथें घट्ट बसविला. त्या दिवसापासून इंजिन पाळीभर चालूं लागलें. भुईमूग तगला, आणि कर्जाची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

घरीं केलेल्या विमानांतील बहुतेक दुखणीं याच जातीचीं असतात. तेथें इंजिनावर आवरण असतें. त्याच्या नाकाशीं असलेल्या तोंडांतून वारा आंत शिरतो, सिलिंडरांच्या वर कोंडला जातो, पाकळ्यांतून खालीं उतरतो व मागील बाजूनें बाहेर पडतो. वर दाब अधिक व खालीं कमी असेल तरच हा प्रवास घडतो. वरच्या भागांतील एखादी फट उघडी राहिली, किंवा रबराची पट्टी उलटी दुमडली, तर तो दाब तेथूनच गळतो. पुष्कळांना वाटतें कीं, इंजिन तापतें तर पुढचें तोंड मोठें करावें. पण जुन्या वाड्यांत राहिलेल्यांस हें सांगावयास नको कीं, समोरासमोर दोन खिडक्या असल्यावांचून खोलींत वारा खेळत नाहीं. बाहेर पडण्याची वाट तोकडी असेल तर आंत येण्याची वाट कितीहि वाढवा, वारा दारांतच अडून राहतो. वाऱ्यास केवळ मोकळें सोडण्यापेक्षां वळवून नेण्यांत लाभ आहे, हें अमेरिकेंतील विमानशास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत प्रयोगांनीं सिद्ध केलें. त्यांनीं योजलेल्या इंजिनाच्या आवरणास १९२९ सालचें कॉलियर पारितोषिक मिळालें.

विमान वर चढत असतां इंजिन सर्वांत अधिक तापतें, त्याचेंहि कारण येथेंच आहे. ताशीं १८५ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या विमानास समोरचा वारा सुमारें साडेसोळा सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब देतो. चढतांना वेग १२० वर आला कीं तोच दाब सात सेंटिमीटरांच्या आंत येतो. आणि नेमकें त्याच वेळीं इंजिन पूर्ण शक्तीनें जळत असतें. त्यांत आमच्याकडील वैशाख मिळवा. १५ अंशांच्या हवेपेक्षां ४२ अंशांची हवा सुमारें बाराव्या हिश्श्यानें विरळ असते. शिवाय सिलिंडरचें डोकें २०५ अंशांवर ठेवावयाचें म्हटलें तर धातू व हवा यांच्या उष्णतेंतील अंतर सातव्या हिश्श्यानें घटतें. थंड देशांत निर्धोक उडणारें विमान मराठवाड्याच्या दुपारीं तापेल, तें यामुळेंच. विमानांतील अनेक लायकमिंग इंजिनांस सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश सांगितलेली असते. पण शहाणा वैमानिक त्या उंबरठ्यापर्यंत जात नाहीं.

म्हणून शोधाचा क्रम आम्हीं मुलांकडून असा पाठ करून घेतला आहे. प्रथम तापमापक तपासावें, कारण साक्षीदारच खोटा असेल तर निवाडा कसला? मग इंधन व हवा यांचें प्रमाण पाहावें, कारण इंधन कमी पडलें तरीहि इंजिन तापतें. मग ठिणगी वेळेच्या आधीं तर पडत नाहीं ना, हें पाहावें. त्यानंतर विजेरीनें फटी शोधाव्या, आणि नळींतील पाण्यानें आवरणाच्या वरचा व खालचा दाब मोजावा. सर्वांत शेवटीं कात्री हातीं धरावी. इंजिन अगदीं नवें असेल तर आंतील कड्या घांसून बसेपर्यंत तें जरा अधिक तापतें. तेवढ्यावरून आवरण कापीत सुटूं नये.

पालकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, भुईमुगाच्या इंजिनाचा हा खटाटोप शाळेनें कां करावा? आमचें उत्तर असें कीं, शेतांत इंजिन थांबलें तर पाणी थांबतें. आकाशांत थांबलें तर वैमानिकास उतरण्याची जागा शोधावी लागते, आणि ती दर वेळीं सांपडतेच असें नाहीं. जो मुलगा शेतांत अंदाजावर विसंबतो तो आकाशांतहि विसंबेल. विमानास सरकारी परवाना लागतो, पैसा लागतो, वर्षें लागतात. तें सर्व ज्याच्या नशिबीं असेल त्यास मिळेल. पण मोजल्यावांचून न बोलणें व एका वेळीं एकच बदल करणें या दोन गोष्टींस परवाना लागत नाहीं, आणि त्या बिलोलींतहि शिकतां येतात. त्या मुलानें आपली वही अद्याप मिटलेली नाहीं. हल्लीं तो वडिलांच्या इंजिनास दर घटकेस किती डिझेल लागतें हें मोजीत आहे, आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनीं आपलीं इंजिनें दाखविण्यासाठीं त्यास बोलावणें धाडलें आहे.