तंजावर : घरोघरच्या नोंदींचे गाव

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा दोन स्थळे मनात धरून निघतो. एक बृहदीश्वराचे मंदिर आणि दुसरे सरस्वती महाल ग्रंथालय. मीही तशीच निघाले होते. भाषांतराच्या कामामुळे मोडी कागदांशी थोडाफार परिचय झालेला आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास जेथे मराठी राज्य स्थापिले, तेथील दफ्तर एकदा डोळ्यांखालून घालावे, ही माझी जुनी इच्छा. परंतु त्या चार दिवसांत जे मनात घर करून राहिले, ते कोणत्याही दफ्तरात नव्हते. ते निळ्या पुठ्ठ्याच्या एका शाळकरी वहीत होते.

तिरुचिरापल्लीहून तंजावरला आगगाडीने तासा-सव्वातासात पोहोचता येते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मधूनच केळीच्या बागा, आणि जिकडे पाहावे तिकडे पाट. कावेरीच्या पाण्याने हा मुलूख पोसला आहे. स्थानकावर मला घ्यावयास एक तंजावरी मराठी गृहस्थ आले होते. निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या घरात. त्यांच्या घरची मराठी जुनी, तमिळच्या वळणाची. पहिल्या दहा मिनिटांत मला निम्मीच कळली. मी त्यांना ‘मामा’ म्हणू लागले, तेव्हा ते हसले. तमिळमध्येही मामा म्हणजे मामाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंदिरात गेलो. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या या मंदिराच्या दोनशे फुटांहून उंच शिखराचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मी ते पुन्हा करीत नाही. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये याच आवाराच्या भिंतीवर कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहासही प्रसिद्ध आहे, आणि तो पाहताना कोणत्याही मराठी माणसाचे पाऊल क्षणभर थबकते. पण मामांनी मला ज्या लेखापाशी नेले तो तमिळ होता, आणि त्याच्याहून आठशे वर्षांनी जुना. राजराजाने मंदिराच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी आणून येथे वसविल्या. त्या प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली ते गाव, ती राहते तो रस्ता, रस्त्याची कोणती बाजू आणि त्या ओळीतील कितवे घर, हे सारे दगडावर कोरलेले आहे! दर एकीस वर्षाला शंभर कलम भात मिळावयाचे, म्हणून हा हिशेब. हजार वर्षांपूर्वीची ही घरोघरची यादी आहे, आणि ज्या वसाहतीची ती यादी, तिचे नाव तळिच्चेरी.

“चेरी म्हणजे वस्ती,” मामा म्हणाले. “पण आज कोणी चेरी म्हटले की गावाबाहेरची गरिबांची वस्तीच डोळ्यांपुढे येते.”

त्याच मंदिराच्या लेखांत दुसऱ्याही चेऱ्या आहेत. मंदिराला लावून दिलेल्या गावांची जमीन मोजताना करातून कोणती जागा वगळावयाची, ते सांगितलेले असते. तळी, पाट, देवळे, स्मशान, कारागिरांची चेरी, अस्पृश्य मानलेल्यांची चेरी. तेथे घरांचे क्रमांक नाहीत, की माणसांची नावे नाहीत. भात ज्यांना द्यावयाचे त्यांचे घर मोजले गेले. ज्यांना काही द्यावयाचे नव्हते त्यांच्या पायाखालची जमीन तेवढी मोजली गेली.

दुपारी राजवाड्यात, सरस्वती महालात गेलो. १९१८ पासून हे ग्रंथालय सर्वांना खुले आहे. ताडपत्रे, संस्कृत पोथ्या, मराठी बाडे आणि मोडी कागदांचे तेराशेहून अधिक रुमाल येथे आहेत. यांतील पुष्कळ संग्रह दुसऱ्या सरफोजीराजांचा. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. राज्याची सत्ता इंग्रजांनी काढून घेतली होती, आणि राजांजवळ किल्ला, वर्षासन आणि मोकळा वेळ उरला होता. या वेळाचे त्यांनी जे केले, त्याला तोड नाही. त्यांच्या ‘धन्वंतरी महाला’त माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे तयार होत, आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सर्व पद्धतींचे वैद्य एकत्र काम करीत, आणि रोग्यांची टिपणे ठेवली जात. डोळ्यांच्या रोग्यांची त्या काळची टिपणे व रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे आजही जपलेली आहेत. गुणकारी ठरलेले उपचार राजांनी कवींकडून तमिळ पद्यात रचून घेतले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने त्यांचे निरनिराळे भाग छापले गेले आहेत. त्यांतील एक मधुमेहावरचा आहे.

पद्यातच का? मला वाटते, पाठ व्हावे म्हणून. ज्यांना पुस्तक मिळणार नाही, त्यांच्या तोंडी ते राहावे म्हणून. नोंद घेणाऱ्याने ती नोंद घेतल्या माणसाकडे परत जाण्याची वाट येथे ठेवली होती. १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात राजांनी आपल्या छत्रांची, म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळांची, माहिती दिली आहे. तेथे आजारी वाटसरूस औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, गर्भवतीची व तान्ह्या मुलाची सोय होई, सर्पदंशावर उपचार करणारा वैद्य असे. पुढे १८५५ मध्ये राज्य खालसा झाले, टिपणे रुमालांत बांधली गेली, आणि मोडी वाचणारेही विरळ झाले.

संध्याकाळी मामांनी विचारले, “कागद पाहून झाले. आता लिहिणारी पाहावयाची आहे काय?”

शहरातून कल्लणैचा कालवा वाहतो. १९३४ सालचा असूनही लोक त्याला अद्याप ‘पुदु आरू’, नवी नदी, म्हणतात. तो ओलांडून आम्ही एका वस्तीत गेलो. वस्तीचे नाव मुद्दामच देत नाही. ज्यांच्या आजारांविषयी लिहावयाचे, त्यांची गल्ली वाचकांना ओळखू येऊ नये. शे-सव्वाशे घरे असतील. काही विटांची, काही पत्र्याची, प्रत्येक दारापुढे मात्र तांदळाच्या पिठाचे कोलम. तेथे आम्हांस अक्का भेटल्या. या शब्दालाही भाषांतराची गरज नाही. पंचेचाळिशीच्या, याच वस्तीतल्या, बचत गटातून निवडलेल्या. खांद्यावरच्या पिशवीत रक्तदाब पाहण्याचे यंत्र, साखर पाहण्याचे यंत्र आणि गोळ्या.

तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. लोकांना शोधत जाणारे वैद्यक, असा तिचा अर्थ. दवाखान्यात न जाणाऱ्यांच्या दारी स्थानिक स्त्रिया जातात, रक्तदाब व साखर पाहतात, आणि ज्यांचा आजार आधीच निश्चित झाला आहे त्यांना औषधे पोहोचवितात. तिची निकड किती होती, हे २०२० च्या राज्यव्यापी पाहणीवरून दिसते. उच्च रक्तदाब असलेल्या शंभरांपैकी सुमारे सात जणांचाच रक्तदाब आटोक्यात होता, आणि मधुमेहाच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे अकरा जणांचीच साखर. एवढ्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शहरातही माणूस गोळ्या का सोडतो, हे दवाखान्यात बसून कळत नाही.

अक्का आकडे फोनमध्ये भरतात आणि ते वर जातात. पण त्यांच्या पिशवीत एक वहीही असते. मी ती पाहावयास मागितली. अक्कांनी प्रथम मामांकडे पाहिले, मग पाने अशी धरली की घरांची नावे अंगठ्याखाली राहिली. मामा वाचून अर्थ सांगू लागले. ‘पहाटे चारला फुलबाजारात जाते, रात्री आठनंतरच भेटेल.’ ‘गोळी जेवणानंतर घ्यावयास सांगितली आहे, जेवण एकदाच होते, म्हणून गोळीही एकदाच.’ ‘दिसत नाही, दोन्ही गोळ्या पांढऱ्या, अदलाबदल होते, एका पाकिटास दोरा बांधला.’

फोनमध्ये या गोष्टींसाठी रकाना नाही. तो नसावाच, असेही मी म्हणणार नाही. लाखो माणसांचा हिशेब दोऱ्याच्या गाठींनी होत नसतो. परंतु शंभरातील सातांचे सत्तर व्हावयाचे असतील, तर ते या वहीतल्या ओळींच्या बळावर.

वहीच्या मागच्या पानावर नावे नव्हती, नुसत्या रेघा होत्या. पावसाळ्यात लहान मुलांना जुलाब होऊ लागले, तेव्हा अक्कांनी ओळीवार रेघा मारल्या. सर्व रेघा एकाच ओळीत, एकाच आठवड्यात पडल्या. बायकांनी ते पान पाहिले आणि कोणीतरी म्हणाले, त्या ओळीतला नळ गटारातून जातो. त्या तिघीजणी पान घेऊनच तक्रार करावयास गेल्या. “आधी आम्ही पाणी घाण आहे म्हणत होतो,” अक्का म्हणाल्या, “या वेळी तारीख दाखविली.” नळ बदलला गेला.

पुढे हेच पान समाजमंदिराच्या भिंतीवर लावावे काय, यावर बायकांत वाद झाला. एकीचे म्हणणे, सर्वांना कळू द्या. दुसरीचे म्हणणे, आज जुलाब लावाल, उद्या क्षय लावाल, मग माझ्या मुलीचे लग्न कोण लावील? शेवटी ठरले की भिंतीवर फक्त ओळ आणि आकडा. नाव नाही, आणि क्षयाचा आकडाही नाही. मला दुसरीचे म्हणणे अधिक पटले. लोकांकडून माहिती घ्यावी असे सांगणारे पुष्कळ असतात. कोणती माहिती घेऊ नये, वा घेतली तर कोठे लिहू नये, हे त्या घरात राहणाराच जाणतो.

बोलता बोलता मुंबईचा विषय निघाला. एका घरातील थोरला भाऊ मुंबई बंदराच्या बाजूला कामास असे. मी कौला बंदराचे नाव घेताच म्हातारीचा चेहरा उजळला. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील त्या वस्तीत तमिळ घरे पुष्कळ. बंदराच्या जमिनीवर असल्यामुळे तिला महापालिकेचे पाणी रीतसर मिळत नसे, आणि रहिवाशांना ते नळीने पुरविणाऱ्यांकडून महापालिकेच्या दराच्या कित्येक पटींनी विकत घ्यावे लागे. ‘पुकार’ या संस्थेने त्या वस्तीतीलच तरुण-तरुणींना ‘अनवाणी संशोधक’ म्हणून तयार केले, आणि पाण्याची ही किंमत व तिचे आरोग्यावरील परिणाम त्यांनी घरोघर जाऊन मोजले.

त्याच्याही आधीची हकिगत भायखळ्याची. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फुटपाथवरील झोपड्या हटविल्या जाणार, अशी टांगती तलवार होती. तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्या स्त्रियांच्या साहाय्याने सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. अहवालाला नाव दिले ते ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाचे. या कामास पुढे कोलारच्या खाणींच्या मुलखातून मुंबईस आलेल्या जोकिन अर्पुतम यांच्या झोपडीवासी महासंघाची जोड मिळाली. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. सरकारी शिरगणतीला जे दिसत नव्हते, ते त्यांनी स्वतःच मोजले, कारण आकड्याशिवाय कोणी बोलावयास बसू देत नाही. मी हे सांगत असता अक्का ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मोजल्यावर तो कागद कोणाजवळ राहिला?”

मी सांगितले की गणनेचे निष्कर्ष त्या स्त्रियांपर्यंत परत नेले गेले. अक्कांनी मान हलविली.

रात्र पडू लागली होती. नळाला पाणी आल्याची हाक आली आणि भोवतीच्या बायका घागरी घेऊन उठल्या. अक्कांनी जाता जाता माझ्याही दंडाला पट्टा बांधला. आकडा असावयास हवा त्याहून थोडा अधिक निघाला. “मामा, यांना मीठ कमी करावयास सांगा,” असे त्या तमिळमध्ये म्हणाल्या, आणि मामांनी ते जरा जास्तच आनंदाने भाषांतरित केले. फोनमध्ये माझी नोंद होईना. मला या वस्तीत घर नव्हते. तेव्हा त्यांनी वही उघडली, तारीख घातली, आकडा लिहिला, आणि घराच्या जागी लिहिले, ‘मामांच्या पाहुण्या, मराठी.’