सिस्टर हवी, पण आपल्या घरातली नको?

घरात बाळंतपणाची वेळ आली की आपला पहिला प्रश्न असतो, "दवाखान्यात लेडी डॉक्टर आहे ना? सिस्टर तरी बाईच आहे ना?" प्रश्न रास्त आहे, आपल्या माता-भगिनींच्या हयेचा आहे. पण त्याच घरातली मुलगी बारावीनंतर "मला नर्सिंग करायचंय" म्हणाली की सगळे गप्प होतात. मग नाइट ड्युटी, होस्टेल, पुरुष रुग्ण अशी एकेक अडचण निघते आणि शेवटी खरी गोष्ट येते, "उद्या रिश्ता कोण आणणार?"

आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. आमची एक विद्यार्थिनी सध्या चंद्रपुरात जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे अब्बा आलापल्ली, एटापल्लीकडच्या आठवडी बाजारांत कपड्यांचे दुकान लावतात. सुटीत ती त्यांच्याबरोबर जायची. बाजारात येणाऱ्या माडिया बायांना जोहार घालता घालता त्यांची बोली तिला येऊ लागली. घरी दादी कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कूस बदलून देणे, गोळ्यांची वेळ सांभाळणे, वुजूचे पाणी देणे हे तिच्याकडे होते. मोहल्ल्यात कुणी आजारी पडले की अम्मी इयादतीला तिला सोबत नेत. खिदमत म्हणजे काय, हे तिला वेगळे शिकवावे लागले नाही.

शाळेत आम्ही आठवीपासून तीन रकान्यांची वही करून घेतो : उर्दू, मराठी आणि इंग्रजी. गुर्दा, मूत्रपिंड, किडनी. फेफडा, फुफ्फुस, लंग. उर्दू माध्यमाच्या मुली पुढे बहुधा इंग्रजी शब्दांपाशीच अडतात, म्हणून ही खटपट. या मुलीने त्यात माडियाचा चौथा रकाना स्वतः आखला. परीक्षा पास होऊन नोंदणी झाली की एटापल्ली-भामरागडकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करायचे, अशी तिची इच्छा आहे. त्या भागात मलेरिया आहे, सिकलसेल आहे. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी तपासणी का करावी, हे घरात बसून त्यांच्याच भाषेत सांगणारी सिस्टर तिथे हवी आहे.

मध्यंतरी तिचे अब्बा मशवऱ्यासाठी आमच्याकडे आले. रिश्ता आला होता. घर दीनदार, मुलगा कमावता. अट एकच : शिक्षण पुरे करा, पण नोकरी नको. "सर, चांगलं घर आहे. नाही कसं म्हणू?" ते म्हणाले.

आम्ही त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांची आठवण दिली. खंदकच्या लढाईत, इ.स. ६२७ मध्ये, हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीतल्या याच बाईंच्या तंबूत ठेवायला सांगितले. त्या तंबूत जखमींची शुश्रूषा होत असे. हया आणि खिदमत यांत तिथे झगडा नव्हता. आपल्या गडचिरोलीतही डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या साध्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आई-बापाची काळजी खोटी नसते. म्हणून प्रवेशाआधीच विचारून घ्यावे : होस्टेलवर देखरेख कोणाची? रात्रपाळीला ने-आण कशी? पूर्ण बाह्यांचा गणवेश, स्कार्फ चालतो का? कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हेही पाहावे. मान्यता नसेल तर पैसे जातात आणि नोंदणीही होत नाही. जीएनएमला बारावीच्या कोणत्याही शाखेतून जाता येते, बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा लागते. हे दहावीतच माहीत असलेले बरे.

रिश्त्याबद्दल आम्ही एवढेच म्हणालो की निकाहाला मुलीची रजामंदी लागते, मग तिच्या कामाचा फैसला तिला न विचारता कसा होईल? "निकाहानंतरही ती काम करील" ही शर्त निकाहनाम्यात लिहून घेता येते. अब्बांनी अजून उत्तर दिलेले नाही. मुलीशी बोलून देतो, एवढे मात्र त्यांनी मुलाकडच्यांना कळवले आहे.

वाचकहो, अशी एखादी मुलगी तुमच्याही घरात, मोहल्ल्यात असेल. तिच्यासाठी दुआ करा आणि तिच्या अब्बांशी एकदा बोलाही. सून शोधणाऱ्यांनी तर जरूर विचार करावा. आपल्या लेकी-सुनांच्या बाळंतपणाला उभी राहणारी सिस्टर कुठल्या तरी घराने शिकवून, काम करू देऊन पाठवलेली असते.