उद्या बोलू



तिरल्यात आमच्या आणि शेजारच्या काकांच्या घरामध्ये एकच भिंत. सांडपाण्यावरून वाद झाला आणि तीन वर्षे बोलणे बंद. "नाताळला फराळ घेऊन जाईन," असे मी दरवर्षी म्हणते. तीन नाताळ गेले. (फराळ आम्हीच संपवला.)

गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात धन्य राणी मारिया यांच्याविषयी सांगत होते. देवास जिल्ह्यात, उदयनगरला, त्या सावकारी कर्जात अडकलेल्या गरीब शेतकऱ्यांसाठी झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदर सिंहने त्यांना भोसकून मारले. वय ४१. त्यांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि त्याच हाताला राखी बांधून आली.

एका मुलीने विचारले, "ताई, राणी मारियांना ठाऊक होतं का, आपला आजचाच दिवस आहे म्हणून?"

"नाही गं," म्हणाले, आणि पुढचे मला काही सुचेना. शेजारी कोण, हे प्रभू येशूने शास्त्र्याला सांगितले, तेच मी दरवर्षी मुलांना शिकवते. माझा शेजारी भिंतीपलीकडे रात्रभर खोकत असतो.

संध्याकाळी दार वाजवले. काकू म्हणाल्या, "ते आत्ताच झोपलेत. उद्या या."

मी म्हटले, "उठेपर्यंत बसते."

त्यांनी क्षणभर पाहिले, मग ओट्यावर चटई टाकली.