चौपट म्हणजे किती?

मराठीतले काही शब्द मोठे लबाड आहेत. ‘चौपट’ हा त्यांपैकीच एक. पगार चौपट झाला तर पेढे वाटावेत आणि धंदा चौपट झाला तर डोक्याला हात लावून बसावे! वर्गात हा शब्द आला की मी मुलांना हमखास हसवीत असे. परंतु डॉक्टरांनी तो माझ्याच बाबतीत उच्चारला, तेव्हा त्याचा कोणता अर्थ घ्यावा हे मला काही केल्या उमजेना.

माझा आजार चारचौघांत सांगण्याजोगा नव्हे. अल्सरेटिव्ह कोलायटिस असे त्याचे भारदस्त नाव. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढण्यासाठी जी फौज असते, ती या आजारात आपल्याच मोठ्या आतड्यावर चालून जाते. आतले अस्तर सुजते, त्याला व्रण पडतात, रक्त जाते आणि दिवसातून दहादहा वेळा धावावे लागते. त्यात आमचे राहणे राहनाळला. भिवंडीच्या या भागात गोदामे उदंड आणि गोदामांमुळे ट्रकही उदंड. अंजूरफाट्याला वाहतूक तुंबली म्हणजे पुढे ट्रक, मागे ट्रक आणि मध्ये रिक्षात घामाघूम झालेला मी. त्या वेळी पोटात कळ आली, की व्याकरणातली सारी अव्यये एकदम आठवत. कॉलेजात पोचेपर्यंत आज लाज राहील की जाईल, याच विवंचनेत माझी तीन वर्षे गेली.

स्टेरॉइडने गुण येई. 1955 साली ट्रूलव्ह आणि विट्स या इंग्लंडमधील डॉक्टरांनी या रोगावर कॉर्टिसोनचा उपयोग पद्धतशीर प्रयोगाने दाखवून दिला, तेव्हापासून आणीबाणीत ते धावून येत आले आहे. पण हा पाहुणा मुक्कामाला ठेवण्यासारखा नाही. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. माझा डोस कमी केला, की महिनाभरात दुखणे पुन्हा हजर! तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅझाथायोप्रिन सुचविले. शरीराच्या त्या बहकलेल्या फौजेला लगाम घालणारे हे औषध. त्याचा गुण यायला सुमारे तीन महिने लागतात. फौजच दबली म्हणजे संसर्गाची भीती वाढते. यकृत, स्वादुपिंड आणि रक्तातील पेशी यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. “आणि लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका अंदाजे चौपट होतो,” असे त्यांनी सांगून टाकले. रुग्णापासून काही न लपविणारे डॉक्टर चांगले खरे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या शेजारी वजनकाट्यावर काम करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांनी माझे तोंड पाहून चौकशी केली, तेव्हा मी ‘चौपट’ त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, “सर, भरलेल्या गाडीचं वजन ऐकून माल किती ते कळतं का? आधी रिकामी गाडी काट्यावर घ्या. भरलेल्यातून ती वजा करा. उरेल तो माल.”

हा माणूस तर्कशास्त्राचा प्राध्यापक व्हायचा तो चुकून काट्यावर बसला असावा! पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना रिकाम्या गाडीचे वजन विचारले. त्यांनी फ्रान्समधील एक मोठी पाहणी समजावून सांगितली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत आतड्याच्या अशा आजारांचे 19,000 हून अधिक रुग्ण होते. या जातीची औषधे कधीच न घेतलेल्या 10,000 रुग्णांत वर्षाला तिघांपेक्षाही कमी जणांना लिम्फोमा झाला. औषध चालू असलेल्या तितक्याच रुग्णांत नऊ जणांना. वय वाढते तसा हा धोकाही वाढतो, हेही त्यांनी सांगितले. पट मोठी खरी, पण मूळ आकडाच लहान. अर्थात त्या वरच्या सहा-सात जणांत आपण असलो, तर आपल्यापुरते ते शंभर टक्केच. काटा वजन सांगतो. धीर देण्याचे काम त्याचे नव्हे.

तो धीर आमच्या सौभाग्यवतींनी दिला, आणि तोही एका प्रश्नाने. “अहो, गोळी घेतली तर काय होईल ते सगळं विचारलंत. नाही घेतली तर काय होईल, ते कुठं विचारलंत?” मग दुसरे पारडेही भरू लागले. रक्तस्राव, पांडुरोग, पुन्हापुन्हा स्टेरॉइड, वेळ आलीच तर मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया. आणि वर्षानुवर्षे सूज राहिली तर त्याच आतड्याच्या कर्करोगाचा वाढता धोका. औषध न घेणे म्हणजे काहीच न करणे, असे आपल्याला वाटते. वास्तविक तोही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते.

आपल्या देशाचा काटा मात्र फ्रान्सहून थोडा निराळा लावावा लागतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत, आणि आतड्याचा क्षय व क्रोन नावाचा आजार यांत भल्याभल्यांची फसगत होते. फौज दाबली की झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या नव्या इंजेक्शनांनी तर अधिकच. म्हणून छातीचा फोटो, क्षयाची आणि काविळीची तपासणी आधी झाली. दुसरी गोष्ट एनयूडीटी15 या जनुकाची. त्यात विशिष्ट बदल असला तर नेहमीच्या डोसानेही पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घसरतात, आणि हा बदल युरोपियनांपेक्षा आपल्या लोकांत अधिक आढळतो. माझी तपासणी निर्दोष आली, तरी डोस हळूहळूच चढविला.

या औषधाच्या जन्मकथेने मला एक खासगी दिलासा दिला. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत ते 1957 साली तयार झाले. दोघांना 1988 साली नोबेल मिळाले. बाईंचे शिक्षण मात्र एम.एस्सी.वर थांबलेले, पीएच.डी. नाहीच! माझ्यासारख्या केवळ एम.ए. माणसाने या गोळीकडे आदराने पाहावे हे ओघानेच आले. गाउटवरचे अ‍ॅलोप्युरिनॉलही त्याच प्रयोगशाळेतले; पण ते या गोळीबरोबर नेहमीच्या डोसात घेतले तर विषबाधा होऊ शकते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो तरी मी आधी औषधांची चिठ्ठी पुढे करतो.

आज दोन वर्षे झाली. स्टेरॉइड सुटले आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासले जाते, आणि अहवाल येईपर्यंत घरात जरा कमीच बोलणे होते. ताप आला तर “होईल बरा” म्हणून अंगावर काढायचा नाही, हा आमचा घरचा कायदा. पुढे हे औषध चालू ठेवायचे की थांबवायचे, हा प्रश्नही दरवर्षी नव्याने काट्यावर चढतो.

याच दुखण्याचे लोक आता मला विचारतात, “सर, आम्ही घ्यावं का?” हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार माझा नाही. ते वय, तपासण्या आणि दुखण्याचा जोर पाहून त्यांच्या डॉक्टरांनी सांगावे. मी त्यांना डॉक्टरांसाठी फक्त दोन प्रश्न लिहून देतो: घेतले तर दहा हजारांत किती, आणि न घेतले तर किती? उत्तरे कागदावर आकड्यांतच लिहून घ्या, एवढे मात्र बजावून सांगतो. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने दिलेला सल्ला आहे, म्हणून तो जरा मनावर घ्यावा.