तान्ह्या बाळाला घेऊन मे महिन्यात गावी

मे महिन्याची सुटी लागली की मुंबई-कल्याणकडच्या आपल्या चाळींतून आणि वस्त्यांतून गावाकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. वर्षभर कंपनीत, ऑफिसात, घरकामात राबणाऱ्या माणसांची सहल म्हणजे गाव. त्यात घरात नवे बाळ आले असेल तर गावची आजी निरोपावर निरोप धाडते. आम्हीही असेच गेलो होतो, २०१६ साली, दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन. यंदा शेजारचे एक जोडपे दीड महिन्याचे बाळ घेऊन विदर्भात निघाले आहे. सोबत काय काय न्यावे, असे त्यांनी आम्हाला विचारले. त्यांना जे सांगितले तेच येथे लिहीत आहोत. त्यात आमची चूकही आली.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमा २१ मे रोजी होती. गावच्या कार्यक्रमाला सगळे भाऊबंद जमणार, तेव्हाच नात दाखवायची, आणि मग दोन दिवस चिखलदऱ्याला थंड हवेत जाऊन यायचे, असा बेत आम्हीच आखला. सौ. म्हणाली होती, ‘अहो, पाऊस पडल्यावर जाऊ.’ आम्ही ऐकले नाही. गाव मूर्तिजापूर तालुक्यात. रात्रीच्या गाडीचे आरक्षण मिळाले नाही, म्हणून दिवसाच्या गाडीचे काढले, तेही साध्या स्लीपरचे. मनमाड सोडल्यावर खिडकीतून झळा येऊ लागल्या. भुसावळला भर दुपार झाली तेव्हा डब्याचा पत्रा हात लावू देईना.

आम्ही बाळाची काळजी घेत नव्हतो असे नाही. उलट जरा जास्तच घेत होतो. लांब बाह्यांचे झबले, टोपडे, पायमोजे आणि वर दुपटे. झळ लागू नये म्हणून तिच्या तोंडावरही पदर. आता कळते की आपल्याला उकडते त्याहून तिला अधिक उकडत होते. एवढ्या लहान जीवाला धड घाम येत नाही आणि अंगावरचे दुपटे स्वतः बाजूला करता येत नाही. तोंडावर जाड कापड टाकले की आतली हवा कोंडते, ते निराळेच. एक पातळ सुती झबले आणि लंगोट पुरेसा होता. ऊन अंगावर येत असेल तर खिडकी लावून घ्यायची किंवा जागा बदलायची.

पण खरी चूक याहून मोठी होती. त्या सगळ्या प्रवासात बाळाच्या आईने एका बाटलीतले अर्धेच पाणी प्यायले. कारण वाचक भगिनींना सांगायला नको. गाडीतले संडास, दाराशी उभी गर्दी आणि कडेवर मूल. पाणी प्यायले की उठावे लागणार, म्हणून ती प्यालीच नाही. आणि समोरच्या बाकावर सगळे पुरुष, म्हणून पाजायलाही कचरत होती. बाळ रडले की आम्ही खुळखुळा वाजवीत होतो! आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. तिकीट, हमाल, चहा, सगळ्याचा हिशेब आमच्या खिशातल्या वहीत लिहिला होता. बाळाची आई किती पाणी प्याली आणि बाळाने किती वेळा लंगोट ओला केला, हे मात्र त्या वहीत नव्हते.

संध्याकाळी घरी पोचलो. घर पाहुण्यांनी भरलेले. बाळंतिणीला मधली खोली दिली. वर टिनाचे पत्रे, खिडकी एक, तीही झळ येते म्हणून बंद. कूलर पुढच्या खोलीत माणसांसाठी. आमची माय नातीला पाहून हरखली आणि पहिलेच बोलली, ‘पोरीचं तोंड सुकलं. दोन चमचे पाणी पाज तिले.’ सौ. हळूच म्हणाली, ‘आत्याबाई, सहा महिने नुसतं दूधच द्यायचं आहे. पाणी नाही द्यायचं.’ मायने आमच्याकडे पाहिले. सौ.नेही आमच्याकडेच पाहिले. पोलिओच्या डोसाला वस्तीत घरोघर फिरून लोकांना समजावणारे आम्ही, स्वतःच्या घरात म्हणालो, ‘असू दे, दोन चमच्यांनी काय होतं.’

दोनाचे चार झाले, मग त्यात साखर पडली. बाळाचे एवढेसे पोट पाण्याने भरले की ते अंगावर कमी पिते. कमी प्यायले की आईचे दूधही कमी येऊ लागते. मग सगळे म्हणतात, पाहा, दूध पुरत नाही. आमच्या घरी दोन दिवसांत हेच झाले. शिवाय दूध पाजणारी सून सर्वांत शेवटी जेवत होती. घरात कुणी दुष्ट नव्हते, पण पंगतीचा क्रमच तसा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ पाजायला घेतले तरी उठेना. अंग तापलेले. ‘ऊन लागलं, कांद्याचा रस लावा,’ असे एक जण म्हणाला. यावेळी सौ.ने कुणाकडे पाहिले नाही. बाळ उचलले आणि म्हणाली, ‘गाडी काढा.’ चुलतभावाच्या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. ताप १००.६ भरला. डॉक्टरबाईंनी आधी टोपडे आणि दुपटे काढायला लावले, पंख्याखाली मोकळे ठेवले आणि साध्या पाण्याने अंग पुसून घेतले. मग विचारले, ‘कालपासून लंगोट किती ओले झाले?’ आम्ही गप्प. सौ. म्हणाली, ‘तीन.’ दिवस-रात्र मिळून निदान सहा तरी व्हायला हवेत, असे त्यांनी सांगितले. आम्ही उन्हाचे नाव काढताच त्या म्हणाल्या, ‘तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याच्या वर ताप भरला तर ऊन लागलं असं घरी बसून ठरवायचं नाही. आतून काही आजार असला तर तो तपासल्याशिवाय कळत नाही.’ रक्त-लघवी तपासली, दोन रात्री ठेवून घेतले. आजार निघाला नाही. आईला पाणी आणि जेवण वेळेवर मिळाले, बाळ दर दोन तासांनी पिऊ लागले, आणि सलाईन लावावी लागली नाही. पण बाळ पीत नाही, सुस्त पडले आहे, लघवी कमी झाली आहे किंवा टाळू खोल गेली आहे, यातले एक जरी दिसले तरी ताप असो-नसो, दवाखाना गाठावा. मीठ-साखरेचे पाणीही एवढ्या लहान बाळाला आपल्या मनाने देऊ नये.

दवाखान्याच्या ओट्यावर माय रात्रभर बसून होती. आम्ही तिला काही बोलणार होतो, तेवढ्यात तीच बोलली. १९७३ च्या उन्हाळ्यात ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिचे पहिले मूल बाभळीखाली लुगड्याच्या झोळीत असे. मुकादम दिवसातून दोनदाच पाजायला सोडी. ‘मायं पयलं लेकरू तहानेनं गेलं,’ ती म्हणाली. आम्हाला एक भाऊ होता आणि तो गेला, एवढेच ठाऊक होते. कसा गेला, हे इतक्या वर्षांत आम्ही विचारले नव्हते. मग बोलायचे ते तोंडातच राहिले.

सौ.ने मात्र मार्ग काढला. ती म्हणाली, ‘आत्याबाई, पोरीचं पाणी माझ्यातून जातं. दुधात पाणीच जास्त असतं. तुम्हाला तिला पाणी पाजायचं असेल तर मला पाजा.’ मायला हे पटले. त्या दिवसापासून दर वेळी पाजायला बसले की ती तांब्या घेऊन हजर, आणि तो रिकामा झाल्याशिवाय हलत नसे. पंगतीत सुनेचे ताट पहिले वाढू लागली. पाहुण्यांना उठवून पुढची खोली मायलेकींना दिली, तेही तिनेच. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. त्याचा झोत थेट बाळावर घ्यायचा नाही. आम्ही वहीत नवे पान काढून ओल्या लंगोटांची नोंद सुरू केली. आधी भाऊ हसले. नंतर तेच रोज संध्याकाळी विचारीत, आज किती?

चिखलदरा राहिले. त्या पैशांत परतीची रात्रीची थ्री एसीची तिकिटे काढली. अशी चैन आम्ही तोवर कधी केली नव्हती. शेजारच्या जोडप्याला हेच सांगितले, की जाणे पुढे ढकलता येत असेल तर ढकला, नसेल तर सामानातले दोन डाग कमी करा, पण प्रवास रात्रीचाच करा. पाजायला आडोसा म्हणून एक पातळ ओढणी घ्या, आणि आईसाठी पाण्याच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवा. तिला उठावे लागेल तेव्हा बाळ बापाने धरावे.

निघताना माय स्टेशनपर्यंत आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली तिने सुनेच्या हातात दिली. गाडी हलली तरी ती खिडकीबरोबर चालत होती आणि आम्हाला बजावीत होती, ‘तिले पाणी दे रे. इसरू नको.’